चेंडू पाडल्याची शिक्षा

२६ ऑगस्ट

विनी आज आठवड्याची झाली. तिच्या बापाने तिला आतापर्यंत एकदाच हातात घेतलं आहे, तेही इस्पितळात नर्सने बळेबळे दिली म्हणून. घेतली, पाहिली, "पडेल गं माझ्या हातून" म्हणाला आणि लगेच परत दिली. नर्स हसली, मीही हसले. मला तेव्हा तो विनोद वाटला होता.

त्याच दुपारी तो सरावाला गेला. नेब्रास्कात फुटबॉलच्या माणसाशी लग्न केलं तर ऑगस्टमध्ये बाळंत होऊ नये, हे मला कुणी सांगितलंच नाही. म्हणजे गेलने सांगितलं, पण मला पाचवा महिना लागल्यावर. गेल ही मुख्य कोच स्टॉडर्डची बायको. तिची तिन्ही मुलं मार्च ते मे या दरम्यानची आहेत. मी आपली योगायोग समजत होते. "योगायोग कसला," ती म्हणाली, "बाई गं, आमच्याकडे पाळणासुद्धा सामन्यांचं वेळापत्रक बघून हलतो."

माझा नवरा ग्रँट इथल्या कॉलेजच्या संघात धावणाऱ्या पोरांचा कोच आहे. त्या पोरांनी तो दोन्हीकडे टोकदार चेंडू काखेत घट्ट धरून पळायचं आणि समोरून कितीही जण अंगावर आले तरी पाडायचा नाही, एवढं शिकवणं हे त्याचं काम. एवढ्याशा कामासाठी माणूस उजाडायच्या आत जातो आणि मी झोपल्यावर येतो. चेंडूला रडता येत नाही, हा त्याचा मोठाच गुण.

आई फोनवर म्हणाली, रोज लिहीत जा, मन हलकं होतं. लिहिलं. झालं नाही.

१२ सप्टेंबर

दर गुरुवारी ग्रँटची पोरं आमच्याकडे जेवायला येतात. ही रीत पाडली त्याने आणि रांधायचं मी. आज खिमा-राजम्याची चिली आणि दालचिनीचे गोड रोल केले, कडेवर विनी.

ओटिस नावाचा मुलगा डाव्या काखेत चेंडू दाबून उजव्या हाताने जेवत होता. शनिवारच्या सामन्यात त्याने चेंडू पाडला. ग्रँटचा नियम असा की पाडणाऱ्याने तोच चेंडू आठवडाभर काखेत वागवायचा. वर्गात, जेवताना, झोपताना, चर्चमध्ये. वाटेत कुणालाही त्यावर थप्पड मारायची मुभा. पडला की आठवडा पुन्हा पहिल्यापासून.

"ओटिस, जेवताना तरी खाली ठेव रे."

"नको मॅडम, कोच बघतील."

"कोच तिकडे पाठ करून उभे आहेत."

"कोचना पाठीलाही डोळे आहेत, मॅडम."

खरंच, ग्रँटने जाता जाता मागून चेंडूवर खणखणीत थप्पड हाणली. चेंडू हलला नाही. ग्रँटचं तोंड असं फुललं! "शाब्बास रे माझ्या राजा!" मी रात्रभर कळा सोसल्या तेव्हा माझ्या वाट्याला "बरी आहेस ना?" एवढंच आलं होतं.

मग ओटिसने विनीला मागितलं. मी त्याच्या उजव्या हातावर दिली. एका काखेत चेंडू, दुसऱ्या हातावर बाळ. ग्रँट पांढराफटक पडला. "बस. ओटिस, आधी खाली बस," म्हणत धावला आणि ओटिसच्या हातांखाली आपले दोन्ही हात धरून उभा राहिला, मी विनीला परत घेईपर्यंत. चेंडू पडेल म्हणून केवढा जीव खालीवर! मी चुलीकडे तोंड केलं, नाहीतर काहीतरी बोलून गेले असते.

२० सप्टेंबर

ग्रँट हल्ली घराबाहेर गाडीतच बसून फोनवर बोलतो. आज खिडकी थोडी उघडी होती. "गुडघा कसा आहे आता? नाही नाही रोवीना, जिने चढायचे नाहीत तुम्ही. तुमचा लेमन केक अजून जिभेवर आहे."

असा आवाज मी लग्नाआधी ऐकला होता. तो गेला कुठे असा मला प्रश्न पडायचा. आता पत्ता लागला.

विचारणार नाही. त्यानेच सांगायला हवं.

२३ सप्टेंबर

विचारलं.

"रोवीना? अगं, डॅल्टनची आई!" म्हणाला, जसं काही डॅल्टन आमच्या शेजारी राहतो.

डॅल्टन हा ओक्लाहोमातल्या कुठल्याशा गावचा बारावीतला पोरगा. वाऱ्यासारखा पळतो म्हणे. सतरा कॉलेजांचे कोच त्याच्या दारात. पुढच्या वर्षी तो कुठे खेळणार हे डिसेंबरात तो सही करून सांगणार. आणि या धंद्यातलं पहिलं सूत्र असं की मुलगा हवा असेल तर आईला जिंकायचं. म्हणून ग्रँटला त्या बाईचा गुडघा माहीत आहे, कुत्र्याचं नाव माहीत आहे, बहिणीच्या घटस्फोटात घर कुणाकडे गेलं हेही माहीत आहे. बाई एकटीच असते, घरं विकण्याचा व्यवसाय करते.

मला हायसं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. दुसरी बाई असती तर निदान भांडता आलं असतं. हिच्याशी गोड बोलण्याचा त्याला पगार मिळतो.

"स्टॉडर्ड म्हणालाय, डॅल्टन आला तर पुढच्या वर्षी तू आहेस, नाहीतर बघू," ग्रँटने सांगितलं. तोंड उतरलेलं होतं. मला दया यायला हवी होती, पण मी विचार करत होते की माझ्यासाठी याचं तोंड शेवटचं कधी उतरलं.

दुसऱ्याचा तो बाब्या आणि आपलं ते कार्टं. म्हण उलटी झाली आमच्या घरी.

२ ऑक्टोबर

विनीच्या बाप्तिस्म्याची तारीख ठरवली. तेरा तारखेचा रविवार. त्या आठवड्यात संघाला सुट्टी आहे, सामना नाही. ग्रँट लगेच हो म्हणाला. आई डुलुथहून येणार.

गेलला सांगितलं तर ती हसत सुटली. "सुट्टीचा आठवडा? पोरी, तो खेळाडूंना सुट्टी. कोच त्या आठवड्यात गावोगाव पोरं धुंडाळत फिरतात. एवढं तर इथल्या कुत्र्यामांजरांना ठाऊक आहे."

मी म्हटलं, ग्रँटने शब्द दिलाय.

"देतात," गेल म्हणाली.

१३ ऑक्टोबर

पास्टरबाईंनी दोन भजनं जास्त म्हणवून घेतली. वाट पाहायची तरी किती? शेवटी आईने विनीला धरलं, मी शेजारी, आणि बापाच्या जागी रिकामी हवा. फोटोतही तशीच येईल.

ग्रँट पोचला तेव्हा आम्ही चर्चच्या तळघरात केक कापत होतो. शुक्रवारी डॅल्टनचा सामना बघायला ओक्लाहोमाला गेला होता, शनिवारी निघून यायचं ठरलं होतं. शनिवारी रोवीनाबाईंनी जेवायला थांबवलं. माणसाचं पोट भरलं, तिथेच सोफ्यावर डोळा लागला.

"रोवीनानेच उठवलं मला," तो धापा टाकत म्हणाला. "अरे, आज तुझ्या लेकीचा बाप्तिस्मा ना, ऊठ, पळ, म्हणाली. वाटेत टायर गेला गं."

म्हणजे माझ्या मुलीचा बाप्तिस्मा त्या बाईच्या लक्षात होता. वर तिने विनीसाठी स्वतः विणलेली पिवळी शाल पाठवली. इतकी मऊ की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्या बायका हात लावून बघत होत्या, कुणी केली, कुणी केली.

"एवढं काय बोलत होतास रात्रभर?" मी विचारलं.

"शब्द दिला तिला. डॅल्टनला पोटच्या पोरासारखं सांभाळीन म्हणून."

पोटच्या पोरासारखं! मी एवढ्या मोठ्याने हसले की पास्टरबाईंच्या हातातली कॉफी हिंदकळली.

आई संध्याकाळी म्हणाली, "सामान भर आणि चल माझ्याबरोबर डुलुथला." मी म्हटलं, हंगाम संपू दे. मधेच गेले तर गाव म्हणेल, कोचची बायको ऐन हंगामात गेली म्हणून संघ हरला. आई माझ्याकडे बघतच राहिली. मलाही नंतर वाटलं, नवऱ्याला सोडतानासुद्धा मी वेळापत्रक बघतेय.

१४ ऑक्टोबर

निळी बॅग भरली. विनीचे कपडे, बाटल्या, लंगोट, माझे लोकरीचे मोजे, डुलुथला पाय गोठतात. दारातल्या कपाटात कोटांच्या मागे ठेवली आहे. हंगाम संपला की जायचं. परत यायचं नाही.

४ ऑक्टोबरला माझा वाढदिवस होता हे इथे लिहायचं राहिलं. त्याचंही राहिलं.

२ नोव्हेंबर

आज सामना दूरच्या गावी. मी विनीला घेऊन खिळे-हातोड्यांच्या दुकानात गेले, खिडकीच्या फटीतून वारा येतो ती बुजवायला. म्हातारे पावेल्का गल्ल्यावर होते, दोन मित्र शेगडीशी बसलेले. विनीला पाहून म्हणाले, "कोचला म्हणावं, हिला तरी धरून ठेव!" आणि तिघे खो खो हसले.

मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं. ग्रँट याच कॉलेजात खेळायचा हे मला माहीत होतं. शेवटच्या सामन्यात तो गुण मिळवून देणाऱ्या रेषेपासून हातभर अंतरावर होता, समोर कुणी नाही, आणि चेंडू त्याच्या हातून सुटला, हे माहीत नव्हतं. विजेतेपद गेलं. "पुतळा उभारणार होतो आम्ही याचा," पावेल्का म्हणाले. इतकी वर्षं झाली तरी गाव विसरत नाही. अशा माणसाने पोरांना चेंडू धरायला शिकवावं, गंमतच आहे.

ग्रँट आल्यावर मी त्याला हसत हसत सांगितलं. तो हसला नाही. हात धुतले, पुन्हा धुतले. मग विनीच्या खोलीच्या दारात खिशात हात घालून उभा राहिला.

"आत जा की," मी म्हटलं.

"झोपलीय. राहू दे."

टक्क जागी होती. असा बाप! डॅल्टनच्या खोलीच्या दारात तो असा उभा राहतो का, हे विचारायला हवं होतं.

२४ नोव्हेंबर

काल शेवटचा सामना हरलो. हंगाम संपला. मी बॅग काढायला गेले, तर ग्रँट स्वयंपाकघरात खुर्चीत बसलेला. म्हणाला, "डिसेंबरच्या पंधरा तारखेला डॅल्टन आणि रोवीना येतायत कॉलेज बघायला. रविवारची न्याहारी आपल्याकडे. तेवढं कर माझ्यासाठी."

रीतच आहे ती. पोरगा कॉलेज बघायला आला की शेवटची न्याहारी कोचच्या घरी. घरात बायको हसतमुख आणि टेबल भरलेलं दिसलं की आईचा जीव निर्धास्त होतो. कोचची बायको न्याहारीला नाही म्हटल्यावर आई मुलगा देत नाही.

हो म्हटलं. त्याच्यासाठी नाही. मला तिला बघायचं होतं. सोळा तारखेला सोमवार आहे, त्या दिवशी निघेन.

१५ डिसेंबर

सगळं नीट लिहायला हवं.

सुंदर असेल असं वाटलंच होतं, पण इतकी नको होती. उंच, लाल कोट, गुडघ्यामुळे किंचित लंगडते तेही तिला शोभतं. दारातच हात पुढे केले. "आण, आण माझ्या बाहुलीला इकडे! फोटो बघून बघून जीव गेला माझा."

"फोटो?"

"अगं, तुझा नवरा दर खेपेला नवे घेऊन येतो. आधी विनी, मग फुटबॉल. डॅल्टन एकदा म्हणाला, आई, हे मला न्यायला आलेत की बाळ दाखवायला? फक्त एक आहे, सगळ्या फोटोंत पोरगी झोपलेली. एकदा तरी डोळे उघडे असलेला काढ म्हटलं मी."

मला त्याने एकही फोटो दाखवलेला नाही. कधी काढले, कुणास ठाऊक. आपल्या पोरीचे गाल दाखवून दुसऱ्याचा पोरगा मिळवायचा, असा हा धंदा! आणि विनी, माझी विनी, अनोळखी माणसाला बघून भोकाड पसरणारी विनी, त्या लाल कोटावर गाल टेकून गप्प.

बाई कोट ठेवायला कपाटाकडे गेली. परत आली तेव्हा हसू कमी झालं होतं. मी मनात म्हटलं, घरं विकणारी बाई आहे, आमचं कपाट पसंत पडलं नसेल.

टेबलाशी ग्रँट, डॅल्टन, ओटिस आणि आणखी दोन पोरं. डॅल्टन लाजाळू आहे, खाली बघून अंडी संपवत होता. ओटिस त्याला चेंडूचा नियम सांगत होता, शिक्षा भोगलेला माणूस सांगतो तशा ऐटीत. "झोपेतसुद्धा, लेका! माझ्या आजीने चर्चमध्ये हाणला होता त्यावर. प्रार्थना चालू असताना!"

रोवीना माझ्यामागे स्वयंपाकघरात आली, फडकं घेतलं, ताटल्या पुसायला लागली. मी नको म्हटलं, ऐकलं नाही.

"एक विचारू? बायको म्हणून नाही, आई म्हणून सांग," ती म्हणाली. "माझ्या पोराला सांभाळेल ना हा?"

मला हे तिला बोचायला हवं होतं. खरंच सांगते, फक्त तेवढ्यासाठी बोलले.

"सांभाळेल की. पोटच्या पोरापेक्षा जास्त सांभाळेल. डॅल्टन कुठल्या पायावर वळतो ते त्याला पाठ आहे. विनी कुठल्या कुशीवर झोपते ते माहीत नाही. तुमचा गुडघा माहीत आहे, माझे टाके सुटले कधी ते नाही. जन्मल्यापासून एकदा घेतलंय त्याने तिला. एकदा!"

आवाज किती चढला होता ते कळलं नाही. बाहेर काटे-चमचे थांबले.

रोवीनाने हातातली ताटली पूर्ण कोरडी केली, जागेवर ठेवली. मग बाहेर गेली. पाळण्यातून विनीला उचललं आणि ग्रँटसमोर जाऊन उभी राहिली.

"ग्रँट, चेंडू पाडला तर काय शिक्षा असते रे तुमच्यात?"

ओटिसनेच सांगितलं, "आठवडाभर काखेत, मॅडम. सगळीकडे."

"ऊठ मग."

ग्रँट उठला. ओठ पांढरे. "रोवीना, माझ्या हातून पडेल ती."

तेच शब्द. इस्पितळात म्हणाला होता तेच. आज कुणी हसलं नाही. मी दारात उभी होते तिथून त्याचे हात दिसत होते, आणि ते थरथरत होते. चार महिने ते खिशात असायचे, म्हणून दिसले नसतील.

"डावा हात वाकव," रोवीना म्हणाली. आणि विनीला दिलं.

तो नुसता उभा. धरायचं कसं हेच विसरला. तेव्हा ओटिस खुर्चीवरून हळूच म्हणाला, "बोटं, तळवा, मनगट, दंड, छाती. कोच, चेंडू धरतो तसं, पाच ठिकाणी." ग्रँटचा हात आपोआप तसा वळला. विनीचं डोकं कोपरात बसलं.

पडली नाही.

मला आनंद व्हायला हवा होता आणि थोडा झालाही. पण चार महिने मी रडले, बोलले, अबोला धरला, तेव्हा काही झालं नाही. ही बाई एकदा बोलली आणि झालं. हे मी तिला कधी माफ करणार नाही.

१६ डिसेंबर

आज मी डुलुथच्या वाटेवर असायला हवं होतं.

सकाळी ग्रँट कोट काढायला कपाटात गेला आणि निळी बॅग घेऊन बाहेर आला. विनी काखेतच. "अगं, तू सगळं भरूनही ठेवलंस?" म्हणाला. डोळ्यांत पाणी येईल असा चेहरा. "लंगोट, बाटल्या, कपडे. कधी केलंस एवढं?"

मी काय सांगणार? बाटल्यांत दूध भरून दिलं. बॅग खांद्याला, पोर काखेत, गेला कॉलेजात. मुलीला सोडून मी जाणार कुठे? दिवसभर घरात फिरत राहिले. हात इतके रिकामे की कपडे धुऊन झाल्यावर पुन्हा धुतले.

१८ डिसेंबर

डॅल्टनने टेक्सासच्या कॉलेजसाठी सही केली.

रोवीनाचा फोन आला. ग्रँटला नाही, मला. "मी कितीदा सांगितलं, नेब्रास्काला जा. ऐकतोय कुठे? त्याची मैत्रीण चाललीय तिकडे." म्हणजे सतरा कॉलेजं आईच्या मागे आणि पोरगा मैत्रिणीच्या मागे. एवढी वर्षं हा धंदा करणाऱ्यांना एवढं कळू नये! मला हसू आलं, मग ग्रँटचं काय होणार या विचाराने थांबलं.

"बॅग रिकामी केलीस का?" तिने विचारलं.

"कुठली बॅग?"

"निळी. कोटांमागची."

मी कपाटाकडे पाहिलं. ती म्हणाली, "मीही भरली होती एकदा. गेलेही. बरंच केलं, माझ्या नवऱ्याच्या हातात काही द्यावं असा माणूसच नव्हता तो. तुझ्याकडे कसा आहे ते तू बघ." मग गुडघ्याचं काही बोलली, फोन ठेवला.

ही बाई माझ्या नवऱ्यापर्यंत पोचली, मुलीपर्यंत पोचली, आता कपाटापर्यंतही. पण तिचा पोरगा दुसरीकडे गेल्यावरही तिने फोन केला. हे कुठल्या हिशेबात बसवायचं ते मला कळत नाही.

गेल सांगत होती, स्टॉडर्ड ग्रँटवर ओरडायला गेला होता. विनी काखेत झोपलेली. मग ओरडणं कुजबुजत उरकलं. नोकरीचं पुढच्या वर्षी बघू म्हणाला.

२० डिसेंबर

दुपारी जास्तीचं दूध द्यायचं निमित्त करून कॉलेजात गेले. ग्रँट कॉरिडॉरमधून येत होता आणि ओटिसची टोळी त्याच्यापुढे चालत होती, सामन्यात वाट मोकळी करतात तशी, येणाऱ्याजाणाऱ्याला बाजूला सारत. चेंडूवर थप्पड मारायची मुभा असते ना? विनीच्या जवळपास कुणाला फिरकू देत नव्हते.

"मॅडम, कळलं का?" ओटिस ओरडला. "विनी हसली! मोठ्याने! कोच शिंकले आणि ही अशी खदखदून हसली की काय सांगू! सगळ्यांनी ऐकलं!"

सगळ्यांनी. माझ्याशिवाय.

बाटली दिली आणि गाडीत येऊन रडले. चार महिने मी तिच्यासमोर नाचले, गायले, जीभ काढली, माकड झाले. पहिलं हसू फुटबॉलवाल्यांनी नेलं. कुणाचा जास्त राग येतो, त्याचा की तिचा, तेही धड सांगता येत नाही. आपल्याच पोटच्या पोरीवर जळते मी.

२२ डिसेंबर

आठवडा संपला.

चर्चहून आल्यावर ग्रँटने विनीला माझ्या मांडीवर दिलं. "शिक्षा संपली," म्हणाला. आणि उभाच राहिला. डावा हात तसाच वाकलेला, आत काही नाही. विनीने त्याच्याकडे बघून ओठ काढले. फितूर.

मग त्याने निळी बॅग माझ्या पायाशी आणून ठेवली.

"सोमवारी मला वाटलं तू माझ्यासाठी भरलीस," तो म्हणाला. "मग तळाशी तुझे लोकरीचे मोजे सापडले. विचार करत होतो, मला लोकरीचे मोजे कशाला दिले? गुरुवारी कळलं."

मी बॅगेकडे बघत होते. गुरुवारी कळलं, आणि शुक्रवारी, शनिवारी त्याने विनीला खाली ठेवलं नव्हतं. बाथरूमच्या दारातही मला देत नव्हता. मी म्हटलं होतं, शिक्षा इतकी काय मनावर घेतोस.

"मी पाडेन असं वाटायचं," तो म्हणाला. "तू धरलेली बरी, असं वाटायचं. तू जाशील असं नव्हतं वाटलं."

बोलायला खूप होतं. वाढदिवस होता, बाप्तिस्मा होता, झोपेत काढलेले फोटो होते. पण तोंडातून निघालं ते हेच, "संपली नाही शिक्षा."

"का?"

"शुक्रवारी ती हसली तेव्हा मी तिथे नव्हते. मला बोलावलं नाहीस. हे पाडणंच झालं."

"म्हणजे पुन्हा पहिल्यापासून?"

"पुन्हा पहिल्यापासून. आणि या खेपेला जाशील तिथे मीही येणार. मला तुझा भरवसा नाही आणि तिचाही नाही."

त्याने डावा हात पुढे केला. मी विनीला दिलं. बोटं, तळवा, मनगट, दंड, छाती, सगळं जागच्या जागी. बॅग तशीच भरलेली राहू दे म्हटलं, उद्या लागेल. मोजे मात्र काढून घेतले आणि पायात घातले. घरात गारठा होता.